जयवंतेचा ओळखदार

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात, कडुनिंबाखाली पत्र्याच्या पेटीवर बसून मी बावीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. लोक मला अर्जनवीस म्हणत. बायको झाडाखालचा वकील म्हणे, आणि त्यात कौतुक काही नव्हतं. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि नशापाणी न करता हा दस्त लिहून देत आहे’ हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिलं असेल, देव जाणे. लिहून देणाऱ्यांपैकी निम्मे तर तिन्ही बाबतींत खोटे असत. पण दस्तात असं लिहावंच लागतं.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत वासुदेवराव माझ्याकडे आले. गिरडकडच्या एका गावच्या जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, हा मुलगा. मालगुजारी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण वासुदेवराव एसटीतून उतरायचे तेही हत्तीवरून उतरल्यासारखे. सोबत तानबाजी होते, गावातले किराणा दुकानदार आणि मारुतीच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष.

“प्रभाकरराव, दानपत्र लिहाचं हाय,” वासुदेवराव म्हणाले. “मारुतीच्या बाजूची आमची जागा देवळाले देऊन राह्यलो. सभामंडप होते तिथं. माह्या मातोश्रीच्या नावानं.”

“पाटी कोरून बी झाली,” तानबाजींनी सांगितलं. “संगमरवराची. ‘मातोश्री आनंदाबाई यांच्या स्मरणार्थ.’ हनुमान जयंतीले उद्घाटन.”

मी कागद काढला, तेवढ्यात तानबाजी म्हणाले, “पयले सर्च करून घ्या. तीस वर्षांचा.”

वासुदेवरावांच्या कपाळाला आठी पडली. “काऊन? माह्यावर भरोसा नाई?”

“भरोसा हाय. पन मांगं जिनिंगजवळची जागा घेतली, तवा बी भरोसाच होता. तीन मालक निंगाले तिचे. देवाची जागा हाय, वासुदेवराव. उद्या भांडन झालं, तर देव काई कोर्टात येत नाई. मलेच जा लागते.”

वासुदेवरावांनी फीचे पैसे पेटीवर ठेवले. मी अर्ज लिहिला, फी भरली आणि आत गेलो.

सर्च म्हणजे वर्षावर्षाच्या सूचीच्या वह्या काढायच्या, गावाचं नाव शोधायचं आणि त्याखाली बोट फिरवत जायचं. वह्या इतक्या जड की एक उचलली की दुसरीच्या आधी चहा लागतो. मी एकोणऐंशीपासून मागे निघालो. सत्तरपर्यंत काही नव्हतं. साठपर्यंतही नव्हतं. पन्नासच्या वहीत बोट थांबलं.

बक्षीसपत्र. लिहून देणार रूपराव, मालगुजार. लिहून घेणार जयवंता, वय अंदाजे तीस, धंदा मजुरी. पूर्वेस मारुतीचे देऊळ, पश्चिमेस नाला, उत्तरेस लिहून देणार यांचा गोठा, दक्षिणेस रस्ता. तीच जागा, गुंठ्याचाही फरक नाही.

मी मूळ दस्ताची नक्कल मिळवली. रूपराव म्हणजे वासुदेवरावांचे वडील. मालगुजारी जाणार अशी हवा उठली, तेव्हा बऱ्याच मालगुजारांनी जागा इकडेतिकडे केल्या. पुतण्याला, मेहुण्याला, जावयाला. रूपरावांनी जयवंतेला केली होती. दस्तात कारण लिहिलं होतं, ‘सदर बाईने आमची मनोभावे सेवा केली व आमचे दुखण्यात उशापायथ्याशी राहिली, सबब.’ पुढे होतं, ‘आमचे वारसांनी हरकत घेतल्यास ती रद्द समजावी.’ आणि अर्थातच राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता. रूपरावांबद्दल मी जे ऐकलं होतं त्यावरून, तेवढ्या एका दिवशी तरी ते शुद्धीत असावेत.

बाहेर येऊन मी दोघांना नक्कल वाचून दाखवली. तानबाजींनी सगळं ऐकून उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते.

वासुदेवराव लाल झाले. “बापूजी असं करूच शकत नाई! ते तर बिमार मानसाले निंबू देतानी दहादा इचार करत.”

“सही त्यांचीच आहे,” मी म्हणालो.

“ते जयवंता आमच्या मेहरबानीवर राह्यते तिथं! झोपडी बांधू देल्ली आमी. म्हनून तर रोज सकाळी येऊन आमचं आंगन सारवते. फुकट राहाचं म्हनजे काई तं करा लागन का नाई?”

मी नक्कल घडी करून पेटीवर ठेवली. थोड्या वेळाने ते माझ्या जवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “प्रभाकरराव, हे पान तुमाले दिसलंच नाई, असं नाई का होत?”

“होते ना. पण मला दिसलं नाही तरी पान तिथंच राह्यते.”

“आन मले दिसलं ना,” तानबाजी म्हणाले. उपरण्यामागून त्यांचा आवाज मोठा आनंदी येत होता.

वासुदेवरावांनी टोपी सारखी केली आणि एसटीला दीड तास असूनही स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी तानबाजी मला गावात घेऊन गेले. नक्कल वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि तानबाजींचा चष्मा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, दुकानातच चालायचा.

जयवंता झोपडीपुढे बसून तुरी पाखडत होती. साठीची बाई, काटक, नाकात मोठी चमकी. बाजूला दोन शेळ्या. मारुतीचं देऊळ तिथून वीस पावलांवर. मी सगळा दस्त वाचला. तिचं सूप एकदाही थांबलं नाही.

“ऐकलं का, बाई?” तानबाजी म्हणाले. “जागा तुही हाय.”

“मालूम हाय मले.”

तानबाजींचं तोंड उघडंच राहिलं. “मालूम हाय?”

“अंगठा माह्याच घेतला नं तेथं. बापूजी मले बैलाच्या दमनीत बसवून घेऊन गेलते. साहेबानं इचारलं, बाई, मंजूर हाय का. म्या म्हनलं, देऊन राह्यले तं नाई कशाले म्हनू?”

“मंग इतकी वर्सं बोलली काऊन नाई?” तानबाजींनी विचारलं.

“कोनं इचारलं?”

मला राहवलं नाही. “पण आई, मग वासुदेवरावांचं अंगण का सारवता? ते तर म्हणतात, जागेच्या बदल्यात.”

तिने पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस लिहिण्यावाचण्याचं काम करतो हे तिला खरं वाटेना.

“जागेच्या बदल्यात? आनंदाबाई मेली तवापासून सारवतो मी. त्याच्या पयले ते मले आंगनात पाय ठेवू देत नव्हती, अन् ते बराबरच होतं तिचं. पन ते गेली, सुनेले शेनाचा वास सहन होत नाई, अन् वासुदेव कचऱ्यातून बाहेर निंगाचा. म्या म्हनलं, बापूजीचं आंगन हाय. त्याले वाटलं का मी भाडं देऊन राह्यलो?” आणि ती हसली. शेळी दचकून बाजूला झाली, इतक्या मोठ्याने हसली. “लहानपनापासून हिसाबात कच्चाच हाय थो.”

तानबाजींनी घसा साफ केला. देवळाचं काम, हनुमान जयंती, गावाची इज्जत, असं करत करत ते मुद्द्यावर आले. जागा मारुतीला मिळाली तर पुण्य लागेल.

“सगळी?” जयवंतेने विचारलं.

“सगळी दिली तं बरं.”

“मारुतीले इतकी जागा काऊन पायजे? त्याचं लगन नाई झालं, लेकरं नाई, बाळं नाई. उभाच राह्यते दिवसभर. मले दोन शेळ्या हायेत, त्याईले बसाले लागते.”

देवळाचे अध्यक्ष शेळ्या मोजू लागले. मीही मोजू लागलो, आणि मी तर मारुतीचे शनिवार करतो.

तास-दीड तास घासाघीस चालली. शेवटी जयवंता देवळाकडची अर्धी जागा देते म्हणाली, आणि नाल्याकडची ठेवणार. तानबाजींनी पाटीचं भीत भीत काढलं. पाटीवर आनंदाबाईचं नाव कोरून झालेलं, आता दान तर जयवंता करणार.

“राहू द्या तिचंच,” ती म्हणाली. “मले कोठं वाचता येते.”

आठ दिवसांनी दस्त नोंदवायला सगळे आले. त्या काळी आमच्याकडे सब-रजिस्ट्रार साताऱ्याकडचे होते. सरळ माणूस, पण इतका नियमाचा की स्वतःच्या आईचा दस्त आला असता तरी ओळख पटवायला दोन माणसं मागितली असती. दस्त लिहून देणाऱ्याला ओळखणारे दोघे लागतात, त्यांना ओळखदार म्हणतात. एक तानबाजी होते. दुसरा ठरवलेला माणूस ऐन वेळी लग्नाच्या बैलगाडीत बसून हिंगणीला निघून गेला. तिथे उरले एकटे वासुदेवराव. ते खरं म्हणजे लांब, दाराशी, आपण दुसऱ्याच कामाला आलो आहोत अशा चेहऱ्याने उभे होते. येऊ नका म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, पण कुणी म्हटलं नव्हतं, आणि घरी बसवत नव्हतं.

तानबाजींनी त्यांना हाताने धरून टेबलापाशी आणलं.

साहेबांनी दस्त मोठ्याने वाचला. जयवंता मान डोलवत होती. “बाई, मजकूर कळला? कुणाचा दबाव नाही ना?”

“माह्यावर कोन दबाव टाकते, बाप्पा.”

मग साहेब वासुदेवरावांकडे वळले. “आपण या बाईंना ओळखता?”

“हो.”

“किती वर्षांपासून?”

“लहान होतो तवापासून.”

“नातं?”

पंखा फिरत होता. तानबाजी त्या पंख्याकडे असे पाहू लागले, जणू तो विकत घ्यायचा आहे. माझं पेन दस्ताच्या कोपऱ्यावर उगाच टेकलेलं. वासुदेवरावांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये शिरताना मला दिसत होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण त्या घटकेला शाळेत पाढा न आलेल्या पोरासारखा उभा होता.

जयवंतेलाच त्याची दया आली. “लिहा नं साहेब, मोलकरीन,” ती म्हणाली. “मोलकरीन होतो मी त्याईच्या घरची.”

साहेबांनी लिहायला घेतलं. आणि वासुदेवराव एकदम भडकले.

“मोलकरीन काऊन? पगार देल्ला का तुले कोनं कधी? एक पैसा देल्ला? चौदा वर्सं फुकट आंगन सारवलं, अन् मोलकरीन म्हनते!”

“मंग काय सांगू, वासुदेवा?”

“काई सांगू नको तू. गप राह्य.” ते साहेबांकडे वळले. “मी सातवीत असतानी मले टायफाईड झालता. माय माहेरी होती. हेच बसली होती एकवीस दिवस. लिहा तुमी. लहानी माय.”

साहेबांचं पेन थांबलं. “लहानी... म्हणजे धाकटी आई? सावत्र का?”

“सावत्र-गिवत्र काई नाई. लहानी माय.”

“असा शब्द रकान्यात बसत नाही हो.”

“मंग रकाना मोठा करा,” वासुदेवराव म्हणाले. हे त्यांच्यातला जुना मालगुजार बोलला, आणि त्या दिवशी मला तो आवडला.

साहेबांनी दोन मिनिटं विचार केला आणि ‘नातेवाईक’ असं लिहिलं. सरकारी भाषेत एवढीच माया मावत होती. वासुदेवरावांनी सही केली, जयवंतेने अंगठा दिला. शाई पुसायला चिंधी मिळेना, तेव्हा तिने बोट वासुदेवरावांच्या पांढऱ्या धोतराच्या सोग्याला पुसलं. त्यांनी सोगा तसाच कमरेला खोचला. मी सात-आठ वर्षं त्यांना ओळखत होतो, धोतरावर डाग चालवून घेण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

बाहेर आल्यावर तानबाजी चहा सांगायला गेले. झाडाखाली ती दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसली.

“उद्यापासून आंगन सारवाले येऊ नको,” वासुदेवराव म्हणाले.

“काऊन?”

“चांगलं दिसत नाई.”

“तुही बायको सारवन का?”

त्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “येजो मंग.”

मंडप झाला, ठरला होता त्याच्या निम्मा. उद्घाटनाला वासुदेवरावांनी भाषण केलं आणि त्यात जयवंतेचं नाव घेतलं, जरा पुटपुटतच. गावात हसणारे हसले. उरलेल्या अर्ध्या जागेत जयवंतेने वांगी लावली. दर्शनाला आलेले लोक जाताना एखादं तोडून नेत, तेव्हा ती मारुतीच्या कानी पडेल अशा आवाजात त्यांच्या सात पिढ्या काढायची.

पुढे सहा वर्षांनी, पंच्याऐंशीच्या थंडीत ती गेली. मडकं वासुदेवरावांनी धरलं. आठ दिवस गाव दुसरं काही बोललं नाही. नवव्या दिवशी सरपंचाचा म्हातारा सासरा घरातून पळून गेला, आणि लोक त्याच्या शोधाला लागले.