हरणीचा बंब

पंढरीने पाना उचलला आणि आनंदाच्या खांद्यावर हाणला. आनंदा बोटीच्या फळ्यांवर गुडघे टेकून पडला, हातातली छिन्नी सुटून खाडीच्या चिखलात गेली. तो ओरडला नाही की त्याने हात उगारला नाही. दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन तो दुसऱ्या फटक्याची वाट बघत राहिला. लहानपणापासून हेच चाललं होतं. बाप गेल्यावर पंढरीने, थोरल्या भावाने, त्याला वाढवलं ते एका हाताने भाकरी देऊन आणि दुसऱ्याने बडवून, आणि आनंदाला ते दोन्ही हात सारखेच आपले वाटत.

आजचा त्याचा गुन्हा एवढाच, की ऐन जत्रेच्या सकाळी त्याने बोटीच्या वाफेच्या बंबाचं खरं सांगितलं. बंबाचा पत्रा आतून खारट पाण्याने खाल्ला होता.

बोटीचं नाव हरणी. कुणी एक इंग्रज साहेब कळव्याच्या खाडीकाठी राहत असे, त्याची ही छोटी आगबोट. अरुंद, लांबट, पाण्याला टेकते न टेकते अशी. साहेब तिच्यावरून शर्यती मारायचा आणि पंढरी तिच्यावर खलाशी होता. पुढे तिचं इंजिन बंद पडलं आणि साहेब विलायतेला निघाला. जाताना बोट त्याने पंढरीच्या गळ्यात टाकली. मिठागराच्या बांधाला लागून ती कित्येक पावसाळे चिखलात रुतून होती. साहेबाने हत्ती दिला खरा, पण अंकुश नेला बरोबर, असं म्हणून गाव हसायचं.

गाव हसलं म्हणूनच पंढरीने हरणी दुरुस्त करायला घेतली. आनंदा कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांचे बंब आतून खरवडायच्या कामावर होता. पंढरीने त्याला नोकरी सोडायला लावली. दोघा भावांनी इंजिन बांधावर आणून खिळा न् खिळा सुटा केला. दट्ट्याच्या दांड्याभोवती चरबीत बुडवलेला काथ्या आवळून भरला. आस जिच्यात फिरतो ती झिजलेली वाटी नवी ओतायला पंढरीची बायको शकू हिने माहेरची काशाची थाळी दिली. दिली म्हणजे पंढरीने हिसकावली. पण हरणीचा आस पहिल्यांदा फिरला तेव्हा शकूच पदर तोंडाला लावून हसली होती, आणि पंढरीने आनंदाला मिठी मारली होती. तेवढी एक मिठी आनंदाला जन्मभर पुरली असती.

चूक झाली ती पाण्यात. साहेब बंबात विहिरीचं गोडं पाणी भरायचा. विहीर लांब, खाडी मात्र बोटीखालीच. पंढरीने खाडीचं पाणी भरायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला अडाणी म्हणता आलं असतं. पण हे घराणं मिठागरातलं. मिठाने त्यांना पोसलं होतं. त्याच्यापासून आपल्याला धोका आहे हे त्यांच्या डोक्यात शिरणार कसं?

"मीठ आपला हाय," पंढरी पाना खाली टाकत म्हणाला. "आज्यानं पिकवला, बापानं पिकवला. त्यो आपल्यालाच खाईल कं?"

"दादूस, पत्रा पातल झालाय," आनंदा खालूनच बोलला. "नेहमीच्या वाफेवर चालंल. त्याहून जास्ती वाफ वारवली त फुटंल."

पण आज शर्यत होती. कल्याणच्या काळुरामनेही एक आगबोट आणली होती, आणि दोघांच्या भांडणावर गावकीने तोड काढली होती, की जत्रेच्या दिवशी कळव्याहून निघून बाळकुमच्या धक्क्याला जो आधी लागेल, त्यानेच यापुढे उतारू न्यावेत. पंढरीला उतारूंपेक्षा त्या हसणाऱ्या गावाचं पडलं होतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी जात.

भरती चढली तशा दोन्ही बोटी सुटल्या. सुकाणूवर पंढरी, भट्टीपाशी आनंदा, आणि पुढे देवीची ओटी मांडीवर घेऊन नव्या लुगड्यात शकू. पहिल्या वळणापर्यंत हरणी पुढे होती. मग काळुरामची बोट शेजारी आली, तिच्यावरची पोरं तोंडाने कोंबड्यासारखी आरवू लागली. आनंदाने भट्टीत लाकूड सारलं आणि सवयीने कान दिला. बंबावर वाफ सोडायची झडप होती आणि झडपेच्या दांडीला साहेबाने शिशाचं वजन लावलं होतं. वाफ फार झाली की दांडी उचलली जाई आणि झडप शिटी मारी. वाफेचा दाब दाखवणारा काटा केव्हाच मोडला होता. बंबाचं बरंवाईट कळायला ही शिटी तेवढी उरली होती. आत्ता ती वाजायला हवी होती आणि वाजत नव्हती.

त्याने वर पाहिलं. शिशाच्या वजनाशेजारी दांडीला दोरीने काहीतरी बांधलं होतं. शकूनेही ते त्याच वेळी पाहिलं.

"यो तं माझा वरवंटा," ती म्हणाली. "सकालपासून घरभर शोधतेय."

मग तिने दिराचं तोंड पाहिलं. बंबाच्या सांध्यांतून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. आनंदाला तो ओळखीचा होता. कल्याणच्या शेडमध्ये असा आवाज आला होता, आणि नंतर दोन माणसांना चादरीत गोळा करावं लागलं होतं.

तो कोयता घेऊन दोरीकडे झेपावला. पंढरीने सुकाणू सोडलं आणि मागून त्याची मान धरली. पंढरीच्या हातात मिठाची खोरी ओढून आलेली ताकद होती. त्याने आनंदाचं तोंड बंबाच्या अंगावर दाबलं आणि दाबूनच धरलं. कातडी चरचरली. शकू किंचाळली, ओटीतला नारळ गडगडत गेला. आनंदाच्या हातून कोयता पडला आणि चाचपडत्या हाताला पाना लागला. सकाळी ज्याने त्याला मारलं तोच.

त्याने मागे वळून मारला. आयुष्यात एकदाच मारला, पण सगळ्या आयुष्याचा मारला. पाना पंढरीच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि पंढरी रक्ताच्या चिळकांडीसकट आडवा झाला. आनंदाने कोयता उचलून दोरी कापली. वरवंटा खाडीत गेला, दांडी उसळली आणि वाफ फुत्कारत बाहेर पडली. तशी हरणीची चाल मंदावली. काळुरामची बोट आरवत पुढे निघून गेली. आनंदा भावाचं डोकं मांडीवर घेऊन, धोतराने त्याचं रक्त दाबत रडत होता.

पंढरी जगला, डोळा गेला. गावकी बसली तेव्हा आनंदाने बंबाचं सांगितलं. पण बंब तर धडधाकट किनाऱ्याला उभा होता. फुटलेला होता तो डोळा. जे घडलंच नाही त्याची साक्ष देणार कोण? शकूने तोंड उघडलं, तर बायकांनी मध्ये बोलू नये म्हणून तिला उठवलं. भावाचा डोळा फोडला, शर्यत घालवली, हेच आनंदाचं नाव पडलं. पंढरीने त्याची चूल वेगळी केली आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. आनंदा बांधावरच्या खोपटात राहिला, मिठागरात राबला, लग्न झालं नाही. जळक्या गालाच्या माणसाला कोण मुलगी देतो! सणावाराला शकू गुपचूप ताट पाठवी. आनंदाचा राग त्याच्यावर झालेल्या अन्यायापेक्षा स्वतःच्या हातावर जास्त होता.

हरणीच्या भट्टीत पुन्हा कुणी विस्तव घातला नाही. पंढरी तिला हात लावू देईना. केस पांढरे झाल्यावर एका उन्हाळ्यात मात्र त्याने तिचं लोखंड कल्याणच्या गणू लोहाराला देऊन टाकलं. बंब फोडायला घण लागेल, दिवस जाईल, असं म्हणत गणूने बाह्या सारल्या. पंढरी समोर दगडावर बसला होता. आनंदा मिठागरातून येता येता थोडा लांब उभा राहिला.

गणूने घण उचलून मारला. ठण असा आवाज झालाच नाही. घण पत्र्यातून आरपार गेला आणि तोल जाऊन गणू बंबावर आपटला.

पंढरी उठला. भोकात बोट घालून त्याने कडा ओढली. ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी मोडून हातात आली. आतल्या बाजूला मिठाचा पांढरा थर होता, त्याच्या घराण्याने पिकवला त्यासारखाच. एका डोळ्याने तो ते बराच वेळ बघत राहिला. मग चालत आनंदाजवळ आला आणि त्याने हात वर उचलला.

आनंदाची दोन्ही कोपरं आपोआप डोक्यावर गेली.

पंढरीचा हात तसाच हवेत राहिला. त्या जळक्या गालाकडे निघालेला तो हात हळूहळू खाली आला. गणू घण टेकून दोघांकडे बघत होता. शेवटी पंढरी बंबाकडे वळला आणि वाकून त्याने पत्र्याची एक कड धरली.

"त्या बाजूनी धर, आनंदा," तो म्हणाला.

आनंदाने पलीकडची कड धरली. दोघांनी मिळून पत्रा उचलला आणि गाडीवर ठेवला. तो अगदीच हलका होता.