विणेकऱ्याचं सोंग

आमच्या वडीगोद्रीकडच्या गावात हरिनाम सप्ताह बसला, की वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सारखी कुणा ना कुणाच्या गळ्यात असते. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. सासरा-जावई असोत, नाहीतर बांधावरून भांडलेले भाऊ. तिथं कुणी लहान-मोठं नाही. मला तर कीर्तनाइतकंच ते बघणं गोड वाटतं.

यंदा मात्र रामकिसनकाका वीणा सोडेनात. कारण पुढचा पहारा आदिनाथचा होता.

आदिनाथला भारुडातली सोंगं काकांनीच शिकवलेली. पदर कसा घ्यायचा, आंधळ्यानं मान कशी धरायची, सगळं. मग पोरगं संभाजीनगरला नाटकात गेलं. आता एका नाटकात तो एकटाच पाच माणसं करायचा, आणि त्याचं कौतुक त्या दिवशीच्या पेपरात आलं होतं. दुपारी भर मंडपात सुरेखानं ते मोठ्यानं वाचलं.

"'सासुरवाशीण, सावकार, वेडा, पुढारी, दर वेळी वाटतं, नट बदलला. पण कळस म्हणजे पाचवा, म्हातारा विणेकरी. तो एक शब्द बोलत नाही. डावी टाच उचलतो, डोळे मिटतो, आणि अख्खं नाट्यगृह हात जोडतं.'"

सगळ्यांच्या नजरा काकांच्या पायाकडं गेल्या. डावी टाच उचललेलीच होती. काकांनी ती झटकन टेकवली.

"अगं बाई, हे तर आपले काकाच!" नंदाबाई म्हणाल्या.

"नाव कुणाचं छापलंय?" काकांनी विचारलं.

"आदिनाथचंच की."

इतकी वर्षं काका याच खांबापाशी उभे राहिले, पण लोकांनी हात जोडले ते समोरच्या विठ्ठलाला. टाच त्यांची, अन् टाळ्या त्या पोराला!

तेवढ्यात आदिनाथ आला. हातपाय धुऊन समोर उभा राहिला.

"काका, द्या. दमले असाल."

"न्हाई दमलो."

"पहारा माझा हाय ना."

"तू तर पाच जण हायस म्हणं. कोन्या एकाला देऊ?"

मंडप हसला. आदिनाथही हसला, आणि तेच काकांना लागलं.

"माझं सोंग करून नाव कमावून राह्यला, अन् वरून मी तुझ्या पाया पडू? बिलकुल न्हाई!"

"काका, इथं पण रुसवा?" नंदाबाई म्हणाल्या.

"मंग दाखव म्हणावं. समद्यांसमोर दाखव, काय केलं ते."

आदिनाथ रिकाम्या हातांनी खांबापाशी उभा राहिला. डावी टाच उचलली. डोळे मिटले. मंडपातलं हसू थांबलं. पुढं बसलेल्या द्वारकाबाईंचे, म्हणजे आमच्या काकूंचे, हात आपोआप जोडले गेले. साऱ्या संसारात काकूंनी काकांपुढं असे हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. काकांनीही नाही.

"खांदा बघा त्याचा, खांदा!" काका ओरडले. "वजनच न्हाई, तर खांदा उतरंल कसा? पट्टा इथं काचतो, इथं!" आणि रागाच्या भरात त्यांनी वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली. "आता कर बरं!"

आदिनाथनं तार छेडली. टाळकऱ्यांनी ठेका धरला. काका मोकळ्या हातांनी उभे, आणि काय होऊन बसलं ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

"अहो, बघता काय? पाया पडा," काकू म्हणाल्या.

आदिनाथ वीणा सांभाळत कधीच वाकला होता. काका कसनुसं तोंड करून वाकले आणि नेमका डाव्या पायालाच हात लावून आले.

जाजमावर बसता बसता काकूंच्या कानाशी लागले, "त्याच्या न्हाई, माझ्याच टाचेच्या पाया पडलो मी."

काकूंना ऐकू गेलं नसावं. त्या अजून हात जोडूनच खांबाकडं बघत होत्या.