उद्भव

आमच्या नातीचं, रेश्माचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. तिची हळद निघते न निघते तोच पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कंपनीची गाडी आली. कंपनी बाटलीबंद पाण्याची. ओढा फुकट खोल करून देतो, वर बंधाराही बांधतो, म्हणाली.

ओढ्यात आमचा झिरा आहे, वाळूत खणलेला पाझराचा खड्डा. भर मे महिन्यात सगळी वस्ती त्यावर वाटीवाटीने हंडे भरते. तो माझ्या थोरल्या भावाच्या, सहादेवदादाच्या, बांधाला लागून, म्हणून पहिली सही त्याची हवी होती. दादाची डाळिंबं दर उन्हाळ्यात टँकरवर जगायची. तो पेन घेऊनच बसला.

मला भरवसा येईना. पाणी विकणारा पाणी साठवतो कुणासाठी? दादा म्हणाला, तुझा कशावरच भरवसा नसतो, नवरदेवाची जन्मतारीखसुद्धा तीनदा विचारलीस. लोक हसले.

ग्रामसभेत कंपनीच्या पार्थसाहेबांनी कागद भराभर वाचला. मी तो हातात मागितला. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, बोट ठेवून वाचतो. चांगुणावहिनी म्हणाल्या, "भावजी, बंधारा बांधून व्हईल, तुमचं वाचून व्हायचं न्हाई."

दुसऱ्या पानावर बोट थांबलं. 'झिऱ्यालगत उद्भव विहीर.' मी अर्थ विचारला. साहेब म्हणाले, उद्भव म्हणजे उगम, चांगला शब्द आहे बाबा.

असेल चांगला. पण आमच्या शिवारातल्या नळयोजनेच्या विहिरीवरही तोच शब्द रंगवलाय. उद्भव म्हणजे जिथे मोटर बसते आणि पाणी दुसरीकडे जातं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक.

"साहेब, मोटर कुणाची बसनार?"

साहेब कागद चाळत राहिले. वहिनींनी दादाच्या हातातलं पेन काढून घेतलं. तो उठून गेला.

तो शब्द काढून कागद परत आणा, असं सभेने सांगितलं. गाडी पुन्हा आली नाही. बंधारा पुढच्या गावात झाला. तिथे मोटर बसली का, हे बघायला मी दोनदा जाऊन आलो. विहिरीजवळच्या खोलीला कुलूप असतं.

पुढच्या उन्हाळ्यात दादाची निम्मी बाग वाळली. "तुज्या एका शब्दापायी," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

झिरा वस्तीकडेच राहिला. सहादेवदादा दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत, अकरा तारखेला वारला.