रिकामी म्हणून लिहिलेली खोली

अर्डिस ब्रांडव्होल्ड तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा कॉलेजने तिला मुलींच्या वसतिगृहातल्या तिसऱ्या मजल्याची आरए, म्हणजे मजला सांभाळणारी विद्यार्थिनी, नेमलं. मजल्यावर बत्तीस मुली, बहुतेक पहिल्या वर्षाच्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांच्यातच राहणारी, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी अशी ही एक. त्याबद्दल तिला एकटीला खोली आणि मेसमधलं जेवण फुकट. तिची आई नॉर्थ डकोटातल्या एका खेड्यात शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती.  फोनवर बातमी ऐकून ती म्हणाली की चला, आता धाकट्याचे दात नीट करून घेता येतील.

पहिले दोन महिने फार छान गेले. मुली सारख्या दार वाजवायच्या. कुणाला कपडे धुण्याचं यंत्र चालवता यायचं नाही, कुणाला घरची आठवण येऊन जेवण जायचं नाही. एकीने आरशासमोर बसून स्वतःचे केस कापले आणि मग टोपी घालून रडत आली. अर्डिसने तिला खुर्चीत बसवून तासभर खपून ते केस सारखे करून दिले. मुली तिच्या पलंगावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसून मक्याच्या लाह्या खायच्या आणि आपल्या आयांची नक्कल करायच्या. घरी तीन भावांत वाढलेल्या अर्डिसला बहिणी असतात म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात ते फिसकटलं. फेरी मारताना एका खोलीत तिला दारूच्या दोन बाटल्या दिसल्या. त्या खोलीतल्या दोघी तिच्या विशेष लाडक्या होत्या. डोळेझाक करावी असं तिला वाटलं, पण नेमणुकीच्या वेळी तिने सही केली होती आणि पाहिलेलं कळवणं हेच तिचं काम होतं. तिने कळवलं. दोघींना ताकीद मिळाली, घरी पत्रं गेली. दुसऱ्या दिवशी अर्डिसच्या दारावर कुणीतरी लिपस्टिकने ‘चहाडखोर’ असं लिहिलेलं होतं. तिने ओल्या फडक्याने ते पुसलं, पण लाल डाग काही केल्या जाईना. त्यानंतर ती न्हाणीघरात शिरली की आतलं बोलणं थांबायचं. मेसमध्ये ती ज्या टेबलाशी बसे तिथल्या मुलींचं जेवण लवकर आटपायचं.

लोर्ना प्रुइट तेवढी आपलं ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. पहिल्या वर्षाची, थोराड हाडापेराची, मोजकं बोलणारी मुलगी. साउथ डकोटात आजीने तिला वाढवलं होतं. बाप कोण ते ठाऊक नव्हतं आणि आई तिच्या लहानपणीच कुठेशी निघून गेली होती. कॉलेजच्या गायकवृंदात ती खालच्या पट्टीत गायची आणि त्याच आवाजासाठी कॉलेजने तिला शिष्यवृत्ती दिली होती.

‘‘तू इथे बसलीस तर तुझ्याशीही कुणी बोलणार नाही,’’ अर्डिस म्हणाली.

‘‘आता तरी कोण बोलतंय,’’ लोर्ना म्हणाली आणि तिने मिठाची बाटली मागितली.

तेव्हापासून दोघी रोज एकत्र जेवू लागल्या. नोव्हेंबरच्या वीस तारखेला लोर्नाची आजी वारली. लोर्ना अंत्यविधीला जाऊन आली, आणि विचारलं तर एवढंच सांगे की सगळं पार पडलं. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद होत असे. ज्यांना जायला घर नाही त्यांची सोय पाहुण्यांच्या इमारतीत व्हायची, पण त्यासाठी अर्ज भरायचा तो पंधरा नोव्हेंबरच्या आत. लोर्ना म्हणाली की मी डलूथला मावशीकडे जाणार आहे. तिच्या तोंडून कुठल्या मावशीचं नाव अर्डिसने कधी ऐकलं नव्हतं, पण तिने ते खरं मानलं.

एकोणीस डिसेंबरला बारा वाजता इमारतीला कुलूप लागायचं होतं. अर्डिस हातात यादी घेऊन एकेक खोली तपासत निघाली. खिडक्या बंद, कचरापेटी रिकामी, विजेच्या वायरी काढलेल्या, माणूस नाही, अशा खुणा करून खाली सही करायची. खाली तिला घरी नेणाऱ्या वर्गमित्राची गाडी उभी होती. सहा तासांचा रस्ता, वर बर्फाचा अंदाज, म्हणून तो मधूनमधून हॉर्न वाजवत होता.

तीनशे चौदाचं, म्हणजे लोर्नाच्या खोलीचं, दार तिने आपल्या किल्लीने उघडलं. सगळं आवरलेलं होतं. फक्त कपाटाचं दार नीट लागलेलं नव्हतं. तिने ते लावायला म्हणून हात घातला, तर आत टांगलेल्या कोटांखाली लोर्ना गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बूट काढून तिने शेजारी नीट ठेवले होते.



‘‘मावशी नाहीये ना?’’ अर्डिसने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘आणि आजीचं घर?’’

‘‘भाड्याचं होतं. दुसरे लोक राहायला आलेत. त्यांनी दाराला नाताळची माळसुद्धा लावलीय, मी बघून आले.’’

अर्डिस म्हणाली, ‘‘माझ्या घरी चल.’’

‘‘कोण म्हणून येऊ? सणाच्या दिवशी तुझी आई मला ताट वाढणार आणि सगळे माझ्याकडे बघत बसणार. मला नाही जमणार ते, अर्डिस.’’

‘‘मग मी मिसेस टॅगार्टना सांगते. त्या काहीतरी करतील.’’

मिसेस टॅगार्ट म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख. त्यांचं नाव ऐकताच लोर्ना कपाटातून बाहेर आली आणि तिने अर्डिसचं मनगट धरलं. ‘‘नको. मग पाद्री येतील, कार्यालयातल्या बायका येतील, सगळ्या मला विचारतील कसं वाटतंय. मला कुणाला काही सांगायचं नाही. सतरा दिवस तर आहेत. तू मला पाहिलंच नाहीस असं समज.’’

खाली पुन्हा हॉर्न वाजला. अर्डिसने आपल्या खोलीतून ब्रेडची लादी, शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, सफरचंदं आणि दोन जाड पांघरुणं आणून दिली. दिवा लावू नकोस, खिडकीपाशी जाऊ नकोस, बाहेर पॅसेजमधल्या फोनला हात लावू नकोस, असं तिने एकेक करून बजावलं. मग तीनशे चौदाच्या पुढे ‘रिकामी’ असं लिहून तिने सही केली.

घरी लेफ्से, म्हणजे नाताळातल्या बटाट्याच्या पोळ्या, लाटताना, भावांबरोबर पत्ते खेळताना तिचं मन सारखं तिकडे जात होतं. नाताळच्या दुपारी तिने तिसऱ्या मजल्याचा फोन लावून पाहिला. तो वाजत राहिला. ती मनाशी म्हणाली, शहाणी आहे, सांगितलं तसं वागतेय, आणि तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस टॅगार्टचा फोन आला.

लोर्नाच्या पोटात तेवीस तारखेला दुखायला लागलं होतं. थंडी शून्याखाली तीस अंशांवर गेली म्हणून बॉयलर सांभाळणारा म्हातारा कुबिचेक नाताळच्या रात्री मजल्या-मजल्यावर नळ गोठलेत का ते बघत फिरत होता. त्याला ती बाहेरच्या फोनखाली भिंतीला टेकून पडलेली सापडली. अंगात सपाटून ताप होता. फोनचा रिसीव्हर जागच्या जागी होता. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटून पू पोटभर पसरला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तीन आठवडे जालीम औषधं चालली. जीव वाचला, पण त्याच औषधांनी कानांना धक्का पोचला. डावा कान पुरता गेला आणि उजव्याने थोडंसं ऐकू येई.

जानेवारीत मिसेस टॅगार्टनी अर्डिसला कार्यालयात बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. यादी समोर ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘ही सही तुझी?’’

‘‘हो.’’

‘‘पाहुण्यांच्या इमारतीत तीन खोल्या रिकाम्या होत्या, अर्डिस.’’

‘‘अर्जाची मुदत टळून गेली होती.’’

‘‘मुदत कागदावर असते. मी त्या पोरीला बर्फात उभी केली असती का? मला एक शब्द सांगितला असतास, मी स्वतः किल्ली नेऊन दिली असती.’’ त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. ‘‘बाटल्या कळवल्यास आणि हे नाही कळवलंस. का गं?’’

लोर्नाला तसं वचन दिलं होतं, असं अर्डिस म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं होतं ते ती मनातच म्हणाली: ती एकटीच माझ्यासमोर जेवायला बसायची. तिचीही चहाडी केली असती तर मला कुणीच उरलं नसतं. मिसेस टॅगार्ट म्हणाल्या की आता तू आरए नाहीस, आठवड्यात खोली सोड.

ती दवाखान्यात गेली तेव्हा लोर्ना उशांना टेकून बसली होती. थोराड मुलगी वाळून पार काडी झाली होती. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने बोलत होती, आणि शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघत होती.

‘‘मी तुझं नाव सांगितलं नाही,’’ लोर्ना म्हणाली. ‘‘त्यांनी सही बघितली.’’

अर्डिस उजव्या कानाशी वाकली. ‘‘फोन का नाही केलास?’’

‘‘आधी वाटलं पोटात वात धरलाय. मग वाटलं अजून एक दिवस काढू. मी सापडले असते तर तुझी खोली गेली असती ना.’’ ती थांबली. ‘‘शेवटी उठले होते करायला. पण हात वर पोचेना.’’

तिच्या बोलण्यात अर्डिसला दोष देणं कुठेच नव्हतं. तिने दोष दिला असता तर अर्डिसला सोसलं असतं. गायकवृंदाच्या शिक्षिका येऊन गेल्या, असं लोर्नाने सांगितलं. त्यांनी फुलं आणली होती आणि फक्त हवापाण्याबद्दल बोलल्या होत्या.

आजीच्या गावातल्या पाद्रीबाबांच्या विधवेने, मिसेस ऑर्विकनी, लोर्नाला आपल्याकडे ठेवून घ्यायचं कबूल केलं. तीनशे चौदामधलं सामान बांधायचं काम अर्डिसने मागून घेतलं, आणि मिसेस टॅगार्टनी किल्ली आणखी एक दिवस तिच्याकडे राहू दिली. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीवर खिळ्यांनी ठोकलेलं पांघरूण तसंच होतं. ब्रेड अर्धाअधिक उरून त्याला बुरशी आली होती. टेबलावर गाण्याच्या वह्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्या खोक्यात घालाव्यात की नाही हे तिला बराच वेळ ठरवता येईना. शेवटी तिने त्या कपड्यांच्या मध्ये घातल्या.

सामान बांधताना मजल्यावरच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. ऑक्टोबरात ताकीद मिळालेल्या त्याच. एकीने खोक्याचं दुसरं टोक उचललं. अर्डिसने इकडचं टोक धरलं.

मिसेस ऑर्विक म्हाताऱ्या होत्या आणि रस्त्यावर बर्फ साचायच्या आत त्यांना पोचायचं होतं. लोर्ना पुढच्या उजव्या आसनावर बसली. अर्डिसने तिच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं, दार लावलं, आणि मागचं सामान नीट बसलंय का ते बघायला वळसा घेऊन पलीकडे गेली. तिथून, डावीकडे चाकाशी बसलेल्या मिसेस ऑर्विकच्या उघड्या दाराशी वाकून, ती लोर्नाला म्हणाली, ‘‘मी तुझ्यासाठी गप्प बसले नव्हते गं. मला भीती वाटली होती, तू पण जाशील म्हणून.’’

लोर्ना समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. तिचा गेलेला डावा कान या बाजूला होता.

मिसेस ऑर्विकनी मात्र ऐकलं. त्यांनी अर्डिसच्या गालाला आपला हातमोजा घातलेला हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘पत्र लिही, बाळ. तिला वाचता येतं.’’

गाडी फाटकाबाहेर पडली. अर्डिस आता गावात एका तळघरात दोन मुलींबरोबर राहत होती आणि मेसमध्ये ताटं धुवायला लागली होती. पाच वाजता तिची पाळी होती. ती तिकडे चालायला लागली. पत्राचे तिने त्या हिवाळ्यात चार खर्डे लिहिले. पाचवा खर्डा मार्चमध्ये टपालात टाकला.

उत्तर आलं ते एका ओळीचं. मला माहीत होतं, असं त्यात लोर्नाने लिहिलं होतं, आणि मिसेस ऑर्विकच्या कोंबड्या आता अंडी घालू लागल्या आहेत असं.