धरणारा दुसऱ्या घरचा

मी एक जुनी शिडी आहे. सागवानी, तेरा पायऱ्यांची. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. बाकी तुमची-माझी मैत्री कधी झाली ते मला आठवत नाही. तुम्ही माझ्या अंगावर पाय देऊन वर चढता, काम झालं की मला भिंतीला टेकवता आणि विसरता. "दमलीस का गं?" असं आजवर एकानेही विचारलं नाही. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मागच्या महिन्यात मला कापून जाळायचं ठरलं होतं. करवत घेऊन दारात कोण उभा होता? ज्याने मला घडवलं तोच सुतार. आता ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका.

त्याने मला बनवलं ते खिळेवाल्या काकूंच्या दुकानासाठी. दुकान एवढंसं. खाली खिळे, स्क्रू, कुलपं, नळाचे वॉशर आणि वर उंच माळ्यावर रंगाचे डबे. काकूंची जीभ म्हणजे दुकानातला पॉलिश पेपर, तोही सगळ्यात खरखरीत नंबराचा. पण मन मोठं. गल्लीत कोणालाही मी लागले तर फुकट नेऊ द्यायच्या.

मग एक दिवस किराणावाला पडला. खाली त्याची बायको मला धरून उभी होती. हा शहाणा वर चढला आणि वरून तिच्या माहेरचा उद्धार करू लागला. तिने हात सोडले आणि घरात निघून गेली. मी सरकले, तो आपटला, हात मोडला. गल्ली महिनाभर हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या अंगावर लाल रंगाने लिहिलं: "शिडी एकट्याला मिळणार नाही. धरणारा दुसऱ्या घरचा हवा."

"हे काय नवीन?" लोकांनी विचारलं.

"घरचा माणूस चिडला की सोडतो," काकू म्हणाल्या. "परक्याला निदान लाज असते."

लोकांनी नाकं मुरडली. पण गरज होती, करतात काय! नाइलाजाने शेजारचं दार वाजवू लागले. शाळेतल्या बाईंसाठी घड्याळवाल्याने मला धरलं, तर बाईंनी माळ्यावरून पेटीभर बंद घड्याळं खाली दिली. बिचारा माशा मारत बसायचा, त्याला तीन महिन्यांचं काम मिळालं. बसच्या ड्रायव्हरसाठी इस्त्रीवालीने मला धरलं. तेव्हापासून तिची जड गाठोडी तो येता-जाता पोचवू लागला. कोणाच्या घरी काय अडलंय आणि ते कोणाच्या हातात आहे, हे गल्लीला माझ्या पायथ्याशी उभं राहून कळलं. माझं कौतुक झालं का? छे! कौतुक काकूंच्या नियमाचं. पाय माझ्यावर, हार दुसऱ्याला.

एकच माणूस मला कधी न्यायला आला नाही. शेजारच्या गाळ्यातले टेलरमास्तर. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी भली थोरली कात्री काढलेली लोखंडी पाटी भिंतीतून रस्त्यावर बाहेर येईल अशी आडवी ठोकली. चौकातून येणाऱ्याला काकूंच्या दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. काकू भांडल्या. मास्तर म्हणाले, "भिंत माझी, पाटी माझी." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मास्तर टेबलावर स्टूल ठेवून माकडासारखे चढायचे, पण शिडी मागायचे नाहीत. मला तो माणूस बघवत नसे.

त्यानंतर आल्या त्या ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या. फोनवर बोट टेकवलं की दारात हजर. एकीने आणली म्हणून दुसरीने आणली. हलक्या, चकचकीत आणि माणूस दोन पायऱ्या चढला की थरथर कापणाऱ्या. काय तो रुबाब! घरोघरी शिडी झाली. दुसऱ्याचं दार वाजवणं थांबलं. फोनवर खिळेही येऊ लागले, दुकानातली वर्दळ आटली. मी कोपऱ्यात, माझ्यावर जाळी, जाळ्यात कोळी. संताप संताप व्हायचा.

आणि एका दुपारी जगाला नियम सांगणाऱ्या बाईने स्वतःच तो मोडला. रंगाचा डबा हवा होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं. काकूंनी मला माळ्याला लावलं आणि एकट्या चढल्या. फरशी गुळगुळीत. मी जिवाच्या आकांताने पाय रोवायला बघितलं, पण ते सरकले. त्या खाली, मी त्यांच्या अंगावर.

भिंतीपलीकडून मशीन थांबल्याचा आवाज आला. मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आले आणि त्यांनी मला उचलून भिरकावलं.

"अहो बाई, मला हाक मारायला तोंडाला काय टाके घातले होते?"

"तुम्हाला हाक मारण्यापेक्षा," काकू कण्हत म्हणाल्या, "हाड मोडलेलं परवडलं."

हाड खरंच मोडलं होतं. खुब्याचं. मास्तरांनीच गाडी बोलावली आणि दवाखान्यात नेलं.

दोन महिने शटर बंद. परगावची लेक आली. "आई, पुरे झालं दुकान. माझ्याकडे चल," म्हणाली. सामान विकायचं ठरलं. मला मात्र विकायचंही नव्हतं. "या अवदसेनेच आईला पाडलं. हिचे तुकडे करा," असं तिने सुताराला सांगितलं. मी पाडलं! अख्खी गल्ली धरायची सोडून घरात बसली, आणि अवदसा मी!

त्या सकाळी शटर उघडलं. काकू वॉकर धरत आल्या आणि दारातल्या खुर्चीवर बसल्या. सुताराने मला रस्त्यात आडवं टाकलं, करवत काढली. तेवढ्यात मास्तर आले. काकूंकडे न बघता लेकीला म्हणाले, "माझ्या पाटीचा एक बोल्ट तुटलाय. लोंबकळतेय. खालून पोरंबाळं जातात. बोल्ट पाहिजे."

"फोनवर मागवा ना," काकू आकाशाकडे बघत म्हणाल्या.

"मागवला. दोनदा चुकीचा आला."

"मग चढा की स्टुलावर."

"ती वर लावली तेव्हा बांबूंचा पाड बांधला होता. स्टूल पुरत नाही, त्या घडीच्या शिड्याही पुरत नाहीत." मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शिडी पाहिजे. कापायच्या आधी."

गल्ली गोळा झाली होतीच. तमाशा असला की यांना बरोबर वास येतो. लेक पुढे झाली, "मी धरते."

"तू हो बाजूला," काकू कडाडल्या. "या माणसाला मीच धरणार. अकरा वर्षं वाट बघितलीय."

खुर्ची माझ्या पायथ्याशी आली. काकूंनी दोन्ही हातांनी मला धरलं. सुताराने मागून गुपचूप माझ्या खालच्या पायरीवर पाय दिला. काकूंना ते कळलं, पण त्यांनी त्याला हाकललं नाही. दुकानातला बोल्ट खिशात टाकून मास्तर चढले. दहाव्या पायरीवर पोचले तेव्हा खालून आवाज आला:

"आता बोला. पाटी कुठे लावणार?"

"जिथे होती तिथे."

"मग सोडते मी."

मास्तरांनी खाली बघितलं. चेहरा पांढराफटक. पण ताठा तोच. "सोडा. परक्याला लाज असते, हे तुम्हीच लिहिलंय हिच्या अंगावर."

त्याने ते वाचलं होतं! अकरा वर्षं मला न्यायला न आलेल्या माणसाने. काकूंच्या बोटांची पकड माझ्यावर इतकी घट्ट झाली की मला दुखलं. त्या अर्धा तास तशाच बसून राहिल्या. घाम गळत होता, तोंड चालू होतं, एकामागून एक शेलकी विशेषणं. हात मात्र सुटले नाहीत.

मास्तरांनी पाटी उतरवली, मला उचलून गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला लावायला सांगितलं, आणि तिकडे ठोकली.

"जुन्या भोकांत बोल्ट बसत नव्हता, म्हणून," खाली उतरल्यावर ते म्हणाले. "उगाच भाव खाऊ नका."

चौकातून काकूंच्या दुकानाची पाटी आता स्वच्छ दिसत होती. लेक ती बघत उभी राहिली. तेवढ्यात इस्त्रीवाली म्हणाली, "काकू, उघडलंच आहे तर नळाचा वॉशर द्या." मागून किराणावाला, "मला कुलूप."

"अहो, पण माळ्यावर चढणार कोण?" लेक रडकुंडीला आली. "आई इथे एकटी..."

"रोज दोन घरं," घड्याळवाला म्हणाला. "एक चढेल, एक धरेल. नियम आहेच."

"शनिवार माझा," मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "त्या दिवशी मला काम कमी असतं. मेहेरबानी समजू नका."

"समजत नाहीये," काकू म्हणाल्या.

सुताराने करवत पिशवीत घातली आणि माझ्या पायांना रबराचे तुकडे ठोकले. इतक्या वर्षांनी सुचलं त्याला!

ते दोघं अजूनही बोलत नाहीत, नुसते भांडतात. आणि मित्रांनो, "मला जपा" अशी गयावया मी करणार नाही. तुमच्या घरात ती चकचकीत घडीची शिडी आहे ना? असू दे. फक्त चढायच्या आधी समोरचं दार वाजवा. समोरचा माणूस तुम्हाला डोळ्यांसमोर नको असेल, तर त्याचंच वाजवा. तो शिव्या देईल, पण सोडणार नाही. चला, निघा आता. आज शनिवार आहे आणि मास्तरांना रंगाचा डबा काढायचाय.