फिटची वाट पाहताना

“नको तेव्हा बरी येते! बँकेच्या रांगेत आली, मामाकडे भरल्या ताटावर आली. आता कॅमेरा लावून बसलोय, तर हिचा पत्ता नाही,” आई खुर्चीतल्या खुर्चीत पुटपुटली.

पलंगावरची लेक हसली. डोक्याला चिकटवलेल्या तारांचा झुपका मागच्या पेटीत गेला होता. हसतानाही मान सांभाळावी लागे.

गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या, फिट काही ऐकेना. मेंदूचा जेवढा तुकडा खोड्या काढतो, तेवढा काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. पण खोडी नेमकी कुठून सुरू होते, हे फिट आल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून गोळ्या बंद आणि कॅमेरा चालू. जी येऊ नये म्हणून आजवर देव पाण्यात ठेवले, तिचीच आता वाट पाहायची. बाबांचा फोन येई.

“आली का?”

“नाही.”

“अरेरे,” ते म्हणत, आणि आपण काय बोललो ते कळून घाईने फोन ठेवत.

तारा तपासणारी बाई डोकावली. “उद्यापर्यंत नाही आली तर घरी पाठवतील हं. नोंद नाही तर ऑपरेशन नाही.”

“येईल, येईल,” आई म्हणाली. उशीर करणाऱ्या पाहुणीची बाजू घ्यावी तशी.

बाई गेल्यावर आईने कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि दूध ढवळलं. जरा जास्तच वेळ. लेकीने पेला एका दमात संपवला, तोंड वाकडं केलं.

“साखर तरी घालत जा. गोळी फार कडू लागते.”

चमचा आईच्या हातात तसाच राहिला.

“तुला ठाऊक होतं?”

“पहिल्याच पेल्यात कळलं.”

“मग प्यायलीस कशाला?” आईचा आवाज चढला, कॅमेरा आठवून उतरला. “मी एक वेडी. तुझं डोकं उघडणार म्हटलं की हात आपोआप गोळ्यांच्या डबीकडे जातो. पण तू? तुला बरं व्हायचंय ना?”

लेकीने उशीचा अभ्रा सरळ केला, पुन्हा चुरगाळला. एकटीला गॅसपाशी उभं राहू दिलं नव्हतं, बाथरूमची कडी लावू दिली नव्हती. बरोबरीच्या मैत्रिणी नोकऱ्या करून कंटाळल्यासुद्धा. हिला मात्र कुणी काही विचारत नसे. तिला बरं नसतं, एवढं उत्तर पुरायचं.

“व्हायचंय गं. पण फिट गेली, आणि तरीही मला काहीच जमलं नाही, तर दोष कुणाला द्यायचा?”