टरफलांचा पडदा

सकाळपासून दोन्ही अंगणांत कांदा निवडायचं काम चाललं होतं. मध्ये कमरेएवढं काट्यांचं कुंपण. अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी. दोघी जावा. शेताची वाटणी झाली त्या वर्षापासून त्यांनी एकमेकींशी सरळ बोलणं सोडलं होतं. काही सांगायचं झालं तर थोरली कोंबडीला सांगायची आणि धाकटी बादलीला. आवाज मात्र दोघी असा लावायच्या की गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसालाही कोंबडीचा नि बादलीचा हेवा वाटावा.

त्या सकाळी धाकटीनं बादली घासायला घेतली आणि तिला म्हणाली, "ऐकलंस का, काही घरच्या सुना आता दारोदार फिरून कचरा गोळा करतात. कालच आमच्या दारातनं पोतंभर टरफलं उचलून नेली. सासू जेवायला घालत नसेल, दुसरं काय."

थोरलीच्या हातातला कांदा हातातच राहिला. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सून खरंच टरफलं गोळा करत होती.

ही सून गेल्या वर्षी घरात आली. थोरलीचा मुलगा शहराला मालाची गाडी घेऊन जायचा, तिथं त्याची हिची गाठ पडली. मुलगी चित्रकलेचं शिकलेली. बोलायला कमी, हसायला लवकर. घरात आली तेव्हा थोरलीला वाटलं होतं, भिंतीवर दोन मोर काढील, चार फुलं काढील, आणि चार बायकांना बोलावून दाखवता येतील. मोर काही आले नाहीत. कांदा निघायला लागला तशी सुनेनं वखारीचा रिकामा अर्धा भाग मागून घेतला, आडव्या वाशांना जुन्या मच्छरदाण्या जोडून टांगल्या आणि त्यांवर कांद्याची टरफलं शिवायला बसली. टरफल आधी ओलसर करायचं म्हणजे फुटत नाही, मग फळीखाली दाबायचं, मग रंग बघून वेगळं काढायचं. पांढरं, पिवळं, तांबूस, जांभळं. एकेक टरफल सुईनं टाचायचं. दिवस दिवस तेच.

थोरलीनं एकदा दारातनं डोकावून "उंदीर लागतील" एवढंच सांगितलं आणि निघून आली. म्हणजे निदान सुनेच्या समजुतीनं तरी ती एकदाच आली होती. सून आंघोळीला गेली की थोरली पुन्हा जाऊन बघायची. दुपार कलली की वखारीच्या भिंतींच्या लाकडी पट्ट्यांमधून ऊन आत यायचं आणि त्या टरफलांतून गाळून जमिनीवर पडायचं. आपण मधाच्या बरणीत उभे आहोत असं तिला वाटायचं. हात पुढे करून ती आपलेच हात बघायची. कांदा निवडून काळे पडलेले हात त्या उजेडात दुसऱ्याच कुणाचे तरी, बऱ्या घरच्या बाईचे दिसायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती.

पण धाकटीनं कचरा म्हणावं, हे तिला सोसलं नाही. तिनं जवळची कोंबडी ओढून मांडीवर घेतली.

"काहींना अक्कल नसते, त्याला आपण काय करणार," ती कोंबडीला म्हणाली. "शहरातल्या बायका टरफलं उकळून ते पाणी तोंडाला लावतात. पन्नाशीच्या बायका तिशीच्या दिसतात. आता आमची सून शहरातली, तिला माहीत असणारच. तू मात्र कुणाला सांगू नकोस."

कुंपणापलीकडे बादली घासायचा आवाज बंद पडला.

धाकटीचं तोंड हा तिचा एकुलता एक अभिमान होता. लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांनी तिला उजळ म्हटलं होतं आणि त्या एका शब्दावर तिनं इतकी वर्षं काढली होती. आता डोळ्यांच्या कोपऱ्यांना सुरकुत्या आल्या होत्या आणि आरशाशी तिचं वाकडं आलं होतं. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं. ती नेम धरूनच बोलली होती.

थाप मारून थोरली कामाला लागली आणि विसरूनही गेली. थाप विसरली नाही. ती कुंपण ओलांडून धाकटीच्या घरात गेली, धाकटीनं ती आपल्या विहिणीच्या कानात घातली, विहिणीनं गिरणीवर सांगितली आणि गिरणीवर सांगितलेली गोष्ट पिठाबरोबर घरोघर गेली. दोन दिवसांत गावात एक टरफल मिळेना. सून पोतं घेऊन दारात उभी राहिली की बायका तोंडभर हसायच्या आणि यंदा टरफलंच कमी आली म्हणून सांगायच्या. जणू यंदा कांदे उघडेच उगवले होते.

आठवडा सरला तशी गावातल्या बायकांची तोंडं पिवळी दिसायला लागली. कांद्याच्या टरफलाचा रंग कापडाला लागला तर धुतल्यानं जात नाही, तो तोंडाला कसा सोडील. एकीची हनुवटी हळदीसारखी, दुसरीचे गाल विटेसारखे. धाकटीच्या शेतात जांभळा कांदा होता, त्याचा रंग सगळ्यांत गडद. ती तर चिंचेनं घासून घ्यायच्या राहिलेल्या तांब्याच्या घागरीसारखी दिसत होती. पण कुणी पाणी लावायचं थांबेना. सुरकुती दिसत नाही, असं एकमेकींना सांगायच्या, आणि खोटंही नव्हतं. त्या रंगात नाकडोळेच नीट दिसत नव्हते, सुरकुती कुठली दिसणार.

थोरली पोट धरून हसली. वखारीत गेली आणि हसू मावळलं.

पडदा अर्धाच झाला होता. खालची जाळी उघडी लोंबत होती. सून सुई जाळीत टोचून ठेवून नुसती बसली होती. शहरातल्या एका मोठ्या कलादालनाची बाई हे काम बघायला यायची होती, आणि तिला यायला फार दिवस उरले नव्हते. सुनेनं तक्रार केली नाही, चिडली नाही. केली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं, उलट काहीतरी बोलता आलं असतं.

त्याच दिवशी जेवताना तिनं मुलाचं नि सुनेचं बोलणं ऐकलं. मुलगा म्हणत होता की हंगाम संपला की शहरात खोली बघतो, इथं राहून हिनं करायचं काय. सून भात चिवडत राहिली. नाही म्हणाली नाही. थोरली ताक आणायच्या निमित्तानं उठली आणि बराच वेळ माठाशी उभी राहिली. घर आधीच चार कोपऱ्यांचं आणि तीन माणसांचं. ही दोघं गेली की बोलायला खरोखरच कोंबडी उरणार होती. आणि हा धोंडा आपणच आपल्या पायावर पाडून घेतला, हेही तिला कळत होतं.

सरळ माणूस असतं तर घरोघर जाऊन खरं सांगितलं असतं. थोरली न्हाव्याकडे गेली.

न्हाव्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशात कायम दिसणारं त्याचं स्वतःचं गुळगुळीत डोकं. गिऱ्हाइकांच्या केसांना कात्री लावता लावता याचे स्वतःचे सगळे गेले होते. त्यावरून लोक त्याला इतकं छळायचे की त्यानं मनावर घेणंच सोडून दिलं होतं. थोरलीनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पहिली थाप कबूल केली आणि दुसरीत त्याची मदत मागितली. न्हाव्याचे डोळे लकाकले. गावावर उट्टं काढायची अशी संधी आयुष्यात एकदाच येते. शिवाय त्याच्याकडे केसांच्या तेलाच्या बाटल्या कधीच्या पडून होत्या.

"वहिनी, काळजी करू नका," तो म्हणाला. "माझं डोकंच साक्षीला आहे."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यानं हळूच विचारलं, घरात कांद्याची टरफलं साठवलीत का. गिऱ्हाइक हो म्हणालं. न्हाव्यानं कात्री खाली ठेवली, मोठा श्वास सोडला आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. आपल्याकडेही एके काळी दाट केस होते. बायकोनं एका हंगामात माळ्यावर टरफलांची पोती रचली आणि उशीवर केसांचे पुंजके यायला लागले. बंद जागेत टरफल साठलं की त्याची वाफ केसांचं मूळ खाते. त्यानं एवढंच सांगितलं, आणि मग कुणाला सांगू नका, असंही सांगितलं.

पुढचं काम लोकांच्या फण्यांनी केलं. फणीत रोज चार केस येतातच, पण रोज कुणी ते मोजत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी मोजले. तिन्हीसांजेच्या आत थोरलीच्या अंगणात पोती यायला लागली. सुनेला हवी होती ना, म्हणून आणली, असं म्हणून बायका पोतं टाकायच्या आणि मागं न बघता निघायच्या. एका शहाणीनं विचारलं की मग तुमच्या सुनेचे केस कसे शाबूत. थोरलीनं पापणी न हलवता सांगितलं की सुईनं टोचलं की टरफलाचा जोर जातो.

धाकटीनं मात्र दम धरला होता. तिला थोरलीचा संशय आला होता, पण खात्री नव्हती आणि फणी तर रोज हातात घ्यावीच लागत होती. शेवटी एका दुपारी डोक्याला फडकं घट्ट बांधून ती कुंपणापाशी आली. जांभळ्या टरफलांची दोन फुगीर पोती तिनं पलीकडून अलीकडे ढकलली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं थोरलीच्या तोंडाकडे बघून तोंड उघडलं.

"घे. तुझ्या सुनेसाठी आणलीत, तुझ्यासाठी नाही."

"कळलं," थोरली म्हणाली. आणखी काही बोलली असती तर हसू फुटलं असतं.

सून रात्रंदिवस कामाला लागली. थोरली कधी तिच्या शेजारी येऊन बसली आणि टरफलं रंगाप्रमाणे वेगळी करून द्यायला लागली, ते दोघींनाही कळलं नाही. न्हावी मध्येच एकदा तेलाची बाटली द्यायच्या निमित्तानं येऊन गेला. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे थोरली विसरली होती. तो गेल्यावर सून टाके घालता घालता एकटीच हसत होती. कशाला हसतेस म्हटलं, तर काही नाही म्हणाली.

कलादालनाची बाई आली ती दोघातिघांना घेऊन. ती येणार म्हणून सगळं गावही वखारीसमोर जमलं. ऊन कलायची वाट बघून सुनेनं दार उघडलं आणि माणसं आत गेली. सगळ्यांच्या माना वर गेल्या. वाशांपासून जमिनीपर्यंत टरफलांचा पडदा लोंबत होता, वर पांढुरका, मग पिवळा, मग तांबडा, आणि खाली धाकटीचा जांभळा, ओल्या जमिनीसारखा दाट. वाऱ्याची झुळूक आली की सगळा पडदा सळसळायचा, नि आत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून उजेड हलायचा. ज्यांची तोंडं पिवळी होती त्यांची त्या उजेडात वेगळी ओळखूच येत नव्हती. सगळेच सारख्या रंगाचे झाले होते.

मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. तो पट्टा आमचा, ती टरफलं आमच्या परसातली. धाकटी नुसती जांभळ्यापुढं जाऊन उभी राहिली.

पाहुणी बाई खूप वेळ बघत होती. तिनं सुनेचा हात हातात घेतला, शहरात आमच्याकडे मोठी जागा आहे, तिथं येऊन काम करा म्हणाली, आणि मग विचारलं की या कामाचं नाव काय.

"दोन थापा," सून म्हणाली.

बाईला वाटलं भाकरी थापतात तसलं काही असावं. तिनं अर्थ विचारला. सून शांतपणे म्हणाली की पहिल्या थापेनं काम बंद पाडलं, दुसरीनं पुरं केलं, आणि दोन्ही सासूबाईंच्या आहेत, तेव्हा त्यांनाच विचारा.

वखारीत जेवढी पिवळी तोंडं होती तेवढी सगळी थोरलीकडे वळली. न्हावी दाराकडे सरकला. धाकटीचा एक हात गालावर गेला आणि दुसरा डोक्यावरच्या फडक्यावर. थोरलीला बायकांची भीती नव्हती, ती आज ना उद्या निभावलीच असती. तिच्या कानात ते शहरातल्या मोठ्या जागेचं बोलणं घुमत होतं. तिनं घसा खाकरला.

"त्याचं असं आहे बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे रीतच आहे. घरात आलेल्या सुनेनं दर हंगामाला एक पडदा करायचा. आणि तो इथंच करायचा, दुसरीकडे केला तर चालत नाही. पुढं पडदा कुठंही न्या, पण सून हलवायची नाही."

अशी रीत गावात कुणी ऐकलेली नव्हती. थोरलीला तोंडावर आपटायला एक शब्द पुरला असता, आणि तो बोलायचा पहिला मान धाकटीचा होता. पाहुणी बाई नेमकी तिच्याकडेच वळली आणि खरं का म्हणून तिनं विचारलं.

धाकटीनं पडद्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. मग जावेकडे बघितलं, अगदी सावकाश.

"खरं आहे तर," ती म्हणाली. "मी आले तेव्हा लसणाच्या टरफलांचा केला होता. याच्यापेक्षा मोठा. पण हिनं मला वखार दिली नाही, बाहेर टांगावा लागला. उंदरांनी खाल्ला."

"वखार मागितलीस कधी?" थोरली म्हणाली.

"मागायची कशाला? थोरलीला समजायला नको?"

न केलेल्या पडद्यावरून आणि न मागितलेल्या वखारीवरून दोघी पाहुण्यांसमोर अशा काही जुंपल्या की पाहुणी बाई घाबरून मागं सरली. सुनेला मात्र खालच्या कोपऱ्यात बोटभर जाळी उघडी राहिलेली दिसली. ती तिथंच खाली बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

पडदा शहरात गेला. सून राहिली. बायकांची तोंडं हळूहळू धुऊन निघाली, न्हाव्याच्या बाटल्या मात्र तशाच पडून राहिल्या. पुढच्या हंगामात धाकटीनं गरज नसताना कांद्याच्या शेजारी चार वाफे लसूण लावला. कुणी विचारलं तर म्हणायची, पुरावा नको का.